आठ दिवसांनी पुन्हा जा : खान्देशात तरुणांच्या आत्महत्या रोखण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमची संस्था छोटी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या काही तालुक्यांत आम्ही तरुण मुलामुलींबरोबर काम करतो. दरवर्षी पाचदहा नवे चेहरे येतात. कोणी एमएसडब्ल्यू करून आलेलं असतं, कोणी शाळेत शिकवत असतं, तर कोणाच्या स्वतःच्याच घरात तसं काही घडून गेलेलं असतं. पहिल्या बैठकीत सगळे एकच विचारतात, "ताई, समोरच्याला नेमकं बोलायचं काय?" बोलायचं काय ते पुढे सांगतेच. पण आठ दिवसांनी पुन्हा त्याच दारी जायची तयारी नसेल, तर पहिल्या दिवशी कितीही चांगलं बोललात तरी ते पुरत नाही. माझ्या अनुभवात हे काम तिथेच तुटतं.

आधी फोन नंबर

१४४१६ हा नंबर पाठ करा. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. ती चोवीस तास चालते, फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. हे नंबर मोबाइलमध्ये ठेवाच, शिवाय कागदावर लिहून खिशातही ठेवा. सातपुड्यात चार्जिंग कधी संपेल याचा भरवसा नसतो.

दुसऱ्याला नंबर देण्याआधी एकदा स्वतः तो लावून बघा. पलीकडून काय विचारतात, किती वेळ थांबावं लागतं, हे माहीत असलं की "मी लावून देते, तू बोल" हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता.

हे वाचताना तुमच्याच मनात जीव नकोसा झाल्याचा विचार घोळत असेल तर लेख इथेच बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. फोन नको वाटत असेल तर घरातल्या ज्या एका माणसावर विश्वास आहे त्याच्याजवळ जाऊन बसा.

पहिला महिना : फक्त ओळख

"आत्महत्या प्रतिबंध शिबिर" असा बॅनर लावून गावात जाऊ नका. आम्ही सुरुवातीला गेलो होतो. सरपंच आले, फोटो झाले, चहा झाला. ज्यांच्यासाठी गेलो होतो ती मुलं मात्र लांब, पानटपरीजवळ उभी राहिली. त्या मंडपात येऊन बसणं म्हणजे गावासमोर "मला काहीतरी झालंय" असं सांगणंच की.

मुलं जिथे आधीच आहेत तिथे जा. आपल्याकडे पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावत असतात. तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत एमपीएससीवाले दिवसभर बसलेले असतात. कॉलेजात एनएसएसची मुलं भेटतात. मुलींसाठी अंगणवाडी, शिवणक्लास आणि आशाताई. आश्रमशाळेत अधीक्षक-अधीक्षिका, सरकारी वसतिगृहात गृहपाल. कृषी केंद्राच्या मालकाशीही ओळख करून घ्या, त्याचं काम पुढे पडणार आहे.

भाषेचं भान ठेवा. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा इकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, अक्कलकुवा-धडगावात भिली आणि पावरी. तुम्हाला येत नसेल तर येणारा सोबती घ्या. आमच्याकडे "मला नैराश्य आलंय" असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, "जीव कटाळी गया", "डोकं चालत नाही", "टेन्शन आहे थोडं". हे "थोडं" ऐकलं की कान टवकारा.

याच महिन्यात आणखी एक काम उरका. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्वतः जाऊन मानसोपचार विभाग शोधा. ओपीडी कोणत्या वारी, केसपेपर कोणत्या खिडकीवर, गावाहून पहिली एसटी कितीला, परतीची शेवटची कितीला, हे सगळं वहीत उतरवा. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' नावाचं केंद्र असतं, तिथल्या समुपदेशकाला भेटून या. धडगाव-मोलगीकडून नंदुरबारला यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते. "दवाखान्यात जा" हे दोन शब्द तिथल्या बापाला किती महाग पडतात ते समजून मगच सल्ला द्या.

आपण डॉक्टर नाही. निदान करायचं नाही, गोळ्या सुचवायच्या नाहीत, कोणाच्या चालू गोळ्या बंद करायला तर अजिबात सांगायचं नाही. भगताकडे किंवा बाबाकडे जाणाऱ्यांची थट्टा करू नका. "तिकडेही जा, आणि दवाखान्यातही जाऊ, मी येते सोबत," एवढं म्हणा. माणूस जोडलेला राहिला तर पुढचं सगळं शक्य होतं.

कोणाकडे लक्ष द्यायचं

लक्षणांची यादी भिंतीवर लावून उपयोग नाही. माणूस आधी कसा होता आणि आता कसा आहे, हा फरक बघायचा. रोज धावायला येणारा तीन दिवस आला नाही. अभ्यासिकेतली जागा रिकामी दिसतेय. नेहमी भांडणारी मुलगी एकदम शांत झाली. कोणी आपला मोबाइल, आपली बॅट, आवडती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकली. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला निरोपाचं काहीतरी ठेवलं. झोप उडाली, जेवण सुटलं, दारू वाढली. "आता काय, थोडेच दिवस" असं हसत म्हणाला. आधी एकदा प्रयत्न केलेला असेल तर धोका जास्त, हे कायम लक्षात ठेवा.

गावात लगेच एक कारण चिकटवलं जातं. मार्कांमुळे, मुलीमुळे, मोबाइलमुळे. प्रत्यक्षात बरंच काही साचलेलं असतं. कापसाला भाव नाही, लोन अ‍ॅपवाल्यांचे धमकीचे फोन चालू आहेत, भरतीचं वय निघून चाललंय, बहिणीचं लग्न तोंडावर आहे आणि त्यात कोणीतरी चारचौघांत अपमान केला. मुलींच्या बाबतीत शिक्षण सुटणं, कमी वयात ठरवलेलं लग्न, काढून घेतलेला मोबाइल, घरातली मारहाण. शेवटची घटना तेवढी लोकांना दिसते. तुम्ही तिच्या मागे बघा.

थेट विचारा

नवी माणसं इथेच अडखळतात. "विचारलं आणि त्याच्या डोक्यात तोच विचार घातला तर?" असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. विचारल्यामुळे विचार येतो असं संशोधनात कुठेही दिसलेलं नाही. उलट कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून बहुतेकांना हायसं वाटतं.

जागा नीट निवडा. घरच्या ओट्यावर नको, आत सगळे ऐकत असतात. शेताकडे किंवा विहिरीकडे चालत नेऊ नका. शाळेचं मैदान, देवळामागचा पार, बसस्टँडवरचा कोपऱ्यातला बाक चालतो. मुलीशी बाई कार्यकर्तीनेच बोलावं, नाहीतर मदतीला गेलात आणि गावात तिच्याच नावाची चर्चा सुरू झाली असं होईल.

सुरुवात साधी करा. "दोन-तीन दिवस दिसला नाहीस. काय व्हयनं रे भाऊ?" मग गप्प बसा. हे गप्प बसणं शिकायला मला दोन वर्षं लागली. समोरचा मिनिटभर बोलत नाही आणि आपल्या तोंडून उपदेश सुरू होतो. तो थांबवा. तो म्हणेल, "काही नाही ताई." तुम्ही म्हणा, "बरं. मी बसलेय."

बोलता बोलता तो सांगेल की आता सगळ्याचा वीट आलाय. तेव्हा स्पष्ट शब्दांत विचारा : "एवढं सहन करताना काही जणांना मरून जावंसं वाटतं. तुला तसं वाटतं का?" अहिराणीत विचारायचं तर, "तुले मरी जावासारखं वाटस का?" आवाज नेहमीचाच ठेवा, दचकू नका. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं मात्र कधीच विचारू नका. त्या प्रश्नात "नाही" हेच उत्तर हवंय, हे त्याला कळतं आणि तो तेच देतो.

"हो" म्हणाला तर आधी त्याचे आभार माना. "मला सांगितलंस, बरं केलंस." मग सावकाश विचारा : हा विचार कधीपासून येतो? काही ठरवलंय का? ज्याने करायचं ठरवलंय ते हाताशी आहे का? आधी कधी प्रयत्न केला होता का? या उत्तरांवर तुमची पुढची पावलं ठरतात. विचार येतो पण ठरवलेलं काही नाही, तर त्याच आठवड्यात समुपदेशकाकडे नेणं. ठरवलंय आणि साधनही जवळ आहे, तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. तिथूनच १४४१६ किंवा १०८ लावायचा, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं आणि ते पोहोचेपर्यंत शेजारी बसून राहायचं.

काही वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. "आईबापाचा विचार कर" हे त्याने शंभरदा केलेलं असतं, आपण त्यांच्यावर ओझं आहोत असंच त्याला वाटत असतं. "लोकांना किती मोठी दुःखं असतात" याने तो बोलायचा बंद होतो. "शपथ घे माझी" असं म्हणून शपथ घेतली तर पुढच्या वेळी मन भरून आल्यावर तो तुमच्याकडेच यायला लाजेल, कारण शपथ मोडायची वेळ आलेली असते.

"कोणाला सांगू नका" असं तो म्हणेल. तसं वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका असेल तेव्हा मी गप्प बसणार नाही. पण कोणाला सांगायचं आणि काय सांगायचं, ते आपण दोघं मिळून ठरवू," हे उत्तर खरं आहे आणि मुलांना ते पटतं. अठरा वर्षांखालच्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. एकट्याने धावपळ न करता त्याच तासात संस्थेतल्या वरिष्ठांना सांगा.

घरातलं औषध

खान्देश कापसाचा मुलूख. फवारणीचं औषध घरोघरी असतं आणि बऱ्याच घरांत ते मधल्या खोलीच्या कोपऱ्यात उघडंच पडलेलं असतं. मरायची तीव्र इच्छा अनेकदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात हाताशी काही सापडलं नाही तर माणूस वाचतो. वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने जात नाहीत. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात गावाचं औषध एकाच ठिकाणी, कुलपाच्या कप्प्यांत ठेवण्याचा प्रयोग झाला आहे.

तुम्ही घरच्यांना एवढंच सांगायचं : लागेल तेवढंच विकत आणा, उरलेलं कुलपात ठेवा, आणि किल्ली ज्याच्याबद्दल काळजी आहे त्याच्या हाती लागू देऊ नका. कुलूपपेटी घरात नको, शेतातल्या खोलीतही नको, काही दिवस काकांकडे किंवा शेजारी ठेवली तर सगळ्यांत उत्तम. घरातल्या गोळ्यांचंही तसंच. मुलाचं नाव घेऊन सांगायची गरज नाही. "लहान लेकरं आहेत घरात" एवढं कारण पुरतं. कृषी केंद्रवाल्यालाही समजावून ठेवा : नेहमी बाप येतो आणि आज मुलगा एकटाच, अस्वस्थ होऊन औषध मागतोय, तर "माल संपलाय, उद्या ये" म्हणायचं आणि घरी फोन करायचा.

कोणी काही घेतलंय असं कळलं तर वेळ घालवू नका. १०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या, डॉक्टरांना ते लागतं.

"केस होईल का?"

दवाखान्याच्या दारातच घरचे हे विचारतात आणि या भीतीपायी उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, आणि तिला त्यासाठी शिक्षा करायची नसते. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत, प्रयत्नालाच शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ नाहीच. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे. दवाखान्यात पोलीस नोंद होते, जबाब घेतात. त्याचा अर्थ मुलावर गुन्हा दाखल झाला असा नाही. हे घरच्यांना शांतपणे, दोनदा सांगा. त्या घडीला एकदा सांगितलेलं कानात शिरत नाही.

पुन्हा जाणं

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता. भारतातलं ठिकाण चेन्नई. प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ माणसांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, आणि दुसऱ्याला त्याशिवाय तासाभराचं समजावून सांगणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन. २००८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दुसऱ्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू खूपच कमी होते. हे भेटायला जाणारे सगळे मोठे तज्ज्ञ नव्हते. मी हा अभ्यास प्रत्येक नव्या तुकडीला सांगते, कारण आपल्यासारख्यांना जमेल असं हे काम आहे.

आमची पद्धत अशी : दुसऱ्या दिवशी फोन, आठ दिवसांनी भेट, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असं वर्षभर. भेटीत मोठं काही बोलावं लागत नाही. भरताची वांगी आली का, कपाशी कशी आहे, झोप लागते का, दवाखान्याची पुढची तारीख कधी. आणि एकदा, थेटच : "तो विचार पुन्हा आला होता का?" एका मुलाच्या बापाने मला सहाव्या भेटीत दारातच थांबवलं आणि म्हणाला, "आता बरा आहे तो, तुम्ही कशाला येता?" मी म्हटलं, "बरा आहे म्हणूनच आले, चहा प्यायला." तेव्हापासून तो बाप स्वतःच फोन करतो.

दुसऱ्या भेटीत मुलासोबत बसून एका कागदावर लिहून घ्या : मन बिघडायला लागलं की आधी काय होतं, तेव्हा स्वतः काय करता येतं, कोणाकडे जाऊन बसता येतं, कोणाला फोन करायचा (दोन नावं, नंबरांसकट), दवाखाना कोणता, आणि घरातून कोणती वस्तू हलवायची. अक्षर त्याचं असू द्या. कागद त्याच्या पाकिटात राहू द्या.

वर्षातले अवघड दिवस

बारावी-दहावीचे निकाल बहुधा मे महिन्यात लागतात. निकालानंतर नको, निकालाच्या आठवडाभर आधी पालकांची बैठक घ्या. फेरपरीक्षा जून-जुलैच्या सुमाराला असते आणि वर्ष वाचू शकतं, हे कित्येक घरांत ठाऊकच नसतं. शिक्षकांकडून काळजीच्या मुलांची नावं घ्या आणि निकालाच्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे चक्कर मारा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून मनातलं बोलतात. नव्याने लग्न झालेल्या मुलींना भेटायचे ते दिवस. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात आणि मुलं आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतात. तेव्हा गृहपालांकडे फेऱ्या वाढवा. होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास माणसं परतली की पुन्हा घरोघर.

क्लासवाले आणि प्राचार्य वेळ देत नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या निर्देशांची आठवण करून द्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं त्यात आहे, आणि ते खासगी क्लासनाही लागू आहे. अशा बैठकीत आकडे सांगायला हरकत नाही : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचे आत्महत्येने मृत्यू नोंदले आहेत, आणि सर्व वयोगट धरून महाराष्ट्राचा आकडा २२,७४६, देशात सर्वाधिक. मुलांसमोर मात्र हे आकडे नकोत. "सगळेच करतात" असा त्याचा अर्थ लागू शकतो.

कोणी गेलंच तर

सगळे वाचत नाहीत. तेव्हा कार्यकर्ता म्हणून नको, माणूस म्हणून दारावर बसायला जा. "का केलं असं?" हा प्रश्न आईला विचारू नका, ती तो रात्रंदिवस स्वतःला विचारतच असते. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची आठवण निघाली तर ऐका. त्याचे मित्र, वर्गातली मुलं, भावंडं यांच्यावर पुढचे काही महिने खास लक्ष ठेवा. कसं केलं, कुठे केलं हे ग्रुपवर फिरू देऊ नका, फोटो आला तर काढून टाकायला लावा. चौकात मोठं बॅनर, स्टेटसवर गाणी, हेही हळुवारपणे थांबवा. स्थानिक पत्रकारांना भेटून १४४१६ नंबर बातमीखाली छापायला सांगा. कसं केलं, कुठे केलं हे बातमीत देऊ नये, असं प्रेस कौन्सिलची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

तुमचं स्वतःचं

एकट्याने कोणाचीही जबाबदारी घेऊ नका. प्रत्येक मुलामागे दोन कार्यकर्ते हवेत. पैसे उसने देऊ नका, रात्री-अपरात्रीच्या फोनसाठी पाळी ठरवा, आणि शनिवारच्या बैठकीत मनात राहिलेलं बोला. मी एका वर्षी ते बोलले नाही आणि सहा महिने नीट झोपू शकले नाही.

वहीत मुलाचं पूर्ण नाव लिहू नका, खुणेचं अक्षर पुरे. त्यापुढे आजची तारीख, काय ठरलं, आणि पुढच्या भेटीची तारीख. ती त्या गावच्या बाजाराच्या दिवशी येत नाही ना, एवढं बघून घ्या, घरी कोणी सापडत नाही.

आणि नोकरी लागली, लग्न ठरलं, गाव सोडायची वेळ आली, तर जा, जरूर जा. पण निघण्याआधी तुमच्या जागी येणाऱ्याला घेऊन प्रत्येक घरी एक फेरी मारा. तिघं मिळून चहा प्या. "आता मी नसेन, ही येईल" असं मुलाला तोंडावर सांगा, त्याच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या, आणि तिच्या पहिल्या भेटीची तारीख त्याच्यासमोरच ठरवून मग वही तिच्या हातात द्या.